सहा टिंबांची मराठी

आजच्या गप्पांना एक जाडसर कागद आणि गोधडी शिवायची सुई जवळ घेऊन बसा. ती कशाला, ते पुढे सांगते.

मागच्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातल्या एका बचतगटाच्या बैठकीला गेले होते. हिशेब झाला, चहा झाला, आणि एका ताईने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर शाईचा ठिपकाही नव्हता, नुसती उठावाची टिंबं. ताईची मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही. सातवीत आहे, ब्रेल झरझर वाचते. शाळेने मराठीच्या सरावाची प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये छापून दिली होती. पोरीने बोटं फिरवली आणि म्हणाली, "हे मराठी नाहीये." वर्गात कोणी विश्वास ठेवला नाही. अभ्यास केला नाही म्हणून बहाणा करते, असंच सगळ्यांना वाटलं. आईलासुद्धा, हे आईनेच कबूल केलं. आपल्याला ती टिंबं वाचता येत नाहीत, मग पोर खरं बोलते की खोटं हे ठरवायचं कसं?

मी तिच्याशी फोनवर बोलले. म्हटलं, बाळा, बोटाला काय लागतं ते मोठ्याने सांग. ती म्हणाली, "मराठी म्हणून वाचलं तर ठ, मग काहीतरी विचित्र. इंग्रजी म्हणून वाचलं तर डब्ल्यू, कंस, एम. पण शब्द होतच नाही." ही मुलगी खोटं बोलत नव्हती. पण मग मराठी गेली कुठे? ते शोधायला मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

फ्रान्समध्ये कूव्हरे नावाचं एक खेडं आहे. तिथे घोड्यांचं खोगीर आणि चामड्याचं सामान शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी ४ जानेवारी १८०९ ला लुई ब्रेलचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना तो बापाच्या हत्यारांशी खेळत होता, आणि आरी, तीच आपल्या चांभाराकडे असते ती, डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही लागण झाली, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. पुढे तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथली पुस्तकं म्हणजे नेहमीचीच अक्षरं, फक्त फुगवून छापलेली. एकेक अक्षर चाचपायला इतका वेळ लागे, की ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. शार्ल बार्बिये नावाच्या गृहस्थाने बारा टिंबांची एक खूण-लिपी काढली होती, पण बारा टिंबं एका बोटाखाली मावत नाहीत. लुईने ती सहावर आणली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये त्याने ती पुस्तकरूपाने मांडली. ६ जानेवारी १८५२ ला तो वारला, आणि १८५४ मध्ये फ्रान्सने त्याची लिपी मान्य केली. हयातीत त्याला ते पाहायला मिळालं नाही. आपल्या पनवेलला नगरपालिका मिळाली तेही साल १८५२ च. म्हणजे ही लिपी आपल्या नगरपालिकेपेक्षा जुनी आहे.

आता सहा टिंबं डोळ्यांसमोर आणा. दुकानात सहा अंड्यांचा खोका मिळतो ना? तो उभा धरा. डावीकडे वरून खाली तीन खळगे, १, २, ३. उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. कुठल्या खळग्यात अंडं आहे आणि कुठला रिकामा, एवढंच अक्षर. पूर्ण रिकामा खोका धरून ६४ प्रकार होतात. बोटाच्या पेराखाली एक खोका बरोबर बसतो, म्हणून वाचणं भराभर होतं.

पण ६४ प्रकार सगळ्या जगाच्या अक्षरांना कसे पुरणार? पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक भाषा तेच खोके घेते आणि आपला अर्थ भरते. एकच उदाहरण देते. २, ३, ४, ६ ही टिंबं. फ्रेंच मुलाच्या बोटाला ती लागली तर तो डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ई' वाचतो. इंग्रजी वाचणारी बाई तिथे 'द' हा अख्खा शब्द वाचते, कारण इंग्रजीत जागा वाचवायला काही शब्दांना एकच खूण दिली आहे. आणि आपली मुलगी वाचते 'ध', धरणाचा ध. टिंबं तीच, कागद तोच. टिंबाला स्वतःची भाषा नसते. ती माणसं ठरवतात, आणि ठरवताना भांडतातही.

भांडणं अमेरिकेतही झाली. तिथे टिंबांच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या आणि हेलन केलर यांना वाचण्यासाठी एकामागून एक लिप्या शिकाव्या लागल्या. आपल्याकडे तर भाषा अनेक, लिप्या अनेक, आणि शाळा काढणारेही वेगवेगळे. अमृतसरला १८८७ मध्ये अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांसाठी पहिली शाळा काढली. मुंबईत १९०० मध्ये, दुष्काळाने घरं उठवली त्या काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच आज दादरला कमला मेहता अंध शाळा म्हणून मुलींना शिकवते. दोन वर्षांनी ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा झाली. पुण्याची शाळा १९३४ ची. सुरुवात करणाऱ्यांमध्ये बायका आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण इतिहासाच्या पुस्तकात ते सांगायचं राहून जातं.

या सगळ्यांनी टिंबं वापरली, पण एकसारखी नाही. कोणी इंग्रजीच्या धर्तीवर, कोणी अक्षरांच्या क्रमाने, कोणी आपल्या भाषेपुरती. देशात अशा कितीतरी पद्धती चालू होत्या. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलीला वाचता येत नव्हतं. छापखाना काढायचा तर कोणत्या पद्धतीसाठी? पुस्तकं आधीच दुर्मीळ, त्यात ही वाटणी.

१९४० च्या दशकात सरकारी समितीने सगळ्या भारतासाठी एक ब्रेल तयार केलं. पण त्याचा जगातल्या ब्रेलशी मेळ नव्हता. ते शिकलेल्या मुलीला इंग्रजी वाचायचं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यावर वाद झाला. १९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोला पत्र लिहून विचारलं की यातून मार्ग कसा काढायचा. त्या कामाला सर क्लूथा मॅकेन्झी नावाचा न्यूझीलंडचा माणूस लागला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला त्याचे डोळे गेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात डेहराडूनला अंध झालेल्या सैनिकांसाठी त्याने काम केलं होतं. फेब्रुवारी १९५१ मध्ये लेबनॉनच्या बैरुत शहरात भारतासह अनेक देशांची माणसं बसली आणि एक तत्त्व ठरलं: एकच आवाज असेल तिथे शक्यतो एकच खूण, आणि ती खूण लुई ब्रेलने त्या आवाजाला दिली तीच. त्यावरून आपलं 'भारती ब्रेल' आलं. त्याच वर्षी डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना निघाला.

आता ती सुई घ्या. कागद गोधडीवर किंवा घोंगडीवर ठेवा. आपण 'पनवेल' लिहू. 'प' म्हणजे १, २, ३, ४. 'न' म्हणजे १, ३, ४, ५. 'व' म्हणजे १, २, ३, ६. मग मात्रा, म्हणजे 'ए', १ आणि ५. शेवटी 'ल', १, २, ३. पाच खोके. टोचलं की उठाव मागच्या बाजूला येतो, त्यामुळे टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि खोकाही उलटा धरायचा, म्हणजे १, २, ३ उजव्या रांगेत. कागद पालटला की सरळ होतं. शाळेतल्या ब्रेल पाटीवर मुलं असंच लिहितात.

आता इंग्रजीत पनवेल लिहा. पी, ए, एन, व्ही, ई, एल. पी म्हणजे १, २, ३, ४, आपला प. एन तोच न. व्ही तोच व. ई तोच ए. एल तोच ल. फक्त पी नंतरचा 'ए', एकट्या १ नंबरच्या टिंबाचा, तो इंग्रजीत लिहावा लागतो आणि मराठीत लागत नाही, कारण आपल्या 'प' मध्ये 'अ' आधीच दडलेला आहे. मोठ्या लिपीची खूण सोडली तर एवढाच फरक. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. गुजराती मुलगी पनवेल लिहील तर पाचही खोके आपलेच. तमिळमध्येही 'प' ला तीच टिंबं. उर्दू कागदावर उजवीकडून डावीकडे जाते, पण ब्रेलमध्ये तीही डावीकडून उजवीकडेच वाचतात.

सगळं मात्र इतकं सरळ नाही. लुईच्या फ्रेंचमध्ये डब्ल्यू लागतच नव्हता, तो नंतर इंग्रजीसाठी घातला, २, ४, ५, ६. ती टिंबं आपल्याकडे 'ठ' ला मिळाली. त्या मुलीचं 'ठ की डब्ल्यू' आठवा.

लिहायचे नियमही आपले वेगळे. काना, मात्रा, वेलांटी अशी वेगळी चिन्हं ब्रेलमध्ये नाहीत. व्यंजनानंतर स्वर लिहिला की झालं. मग एक अडचण येते. 'सई' लिहायचं. स आणि ई शेजारी ठेवले तर बोट 'सी' वाचेल. म्हणून स, अ, ई असे तीन खोके. मऊ भाताचा 'मऊ' तसाच, मधे अ घातला नाही तर 'मू भात' होईल. जोडाक्षराला ४ नंबरचं एकटं टिंब, आणि ते अर्ध्या अक्षराच्या आधी येतं. 'पुस्तक' म्हणजे प, उ, मग ते टिंब, मग स, त, क. 'ज्ञ' ला मात्र स्वतःचा एक खोका. बोटाला हे नियम मूल असतानाच शिकवले की ती विचार न करता वाचते, जशी आपण विचार न करता भाकरी थापतो.

हे सगळं हाताने लिहिलं जायचं. १९५१ मध्येच अमेरिकेत पर्किन्स ब्रेलर नावाचं सहा कळांचं मजबूत मशीन आलं. मुंबईत १९५२ मध्ये राष्ट्रीय अंधजन संघटना, ज्याला आपण नॅब म्हणतो, ती स्थापन झाली. तरीही एक क्रमिक पुस्तक ब्रेलमध्ये यायचं म्हणजे कोणीतरी डोळस माणसाने शेजारी बसून वाचायचं आणि दुसऱ्याने टोचायचं. महिनोन्महिने. मग कॉम्प्युटर आला, आणि वाटलं की सुटलो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो, जसा आपल्या गटात प्रत्येकीला खाते क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी असे नंबर ठरवण्याचं काम १९८० च्या दशकात झालं, त्यात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा हात. १९९१ मध्ये ते 'इस्की' नावाने भारतीय मानक झालं. त्यात एक मजा होती. मराठी क, गुजराती क, बंगाली क, तेलुगू क, सगळ्यांना एकच नंबर. फक्त कोणत्या लिपीत दाखवायचं ते वेगळं सांगायचं. बैरुतमध्ये टिंबांसाठी जे ठरलं, तेच चाळीस वर्षांनी कॉम्प्युटरवाल्यांना सुचलं. आंधळ्या मुलांच्या लिपीत जी अक्कल आधी आली ती डोळसांच्या यंत्रात नंतर आली, असं मी म्हणते. इंजिनिअर रागावले तर रागावोत.

पुढे सगळ्या जगासाठी युनिकोड आलं. त्याने इस्कीचा क्रम घेतला, पण प्रत्येक लिपीला वेगळी खोली दिली. देवनागरी 'क' चा नंबर २३२५, गुजराती क चा दुसरा. १९९९ मध्ये युनिकोडने ब्रेलच्या टिंबांनाही खोली दिली. कॉम्प्युटरच्या सोयीसाठी खाली आणखी दोन टिंबं जोडून आठ टिंबांचा खोका केला होता, त्याचे २५६ प्रकार होतात, ते सगळे घेतले. आणि नावं काय दिली? 'ब्रेल, टिंबं १, २, ३, ४.' बस. 'प' नाही, 'पी' नाही. हे त्यांनी शहाणपणाने केलं. टिंबाला भाषा नसते हे त्यांना माहीत होतं.

मग अर्थ कुठे ठेवायचा? तक्त्यात. प्रत्येक भाषेचा एक तक्ता, या अक्षराला ही टिंबं, अमुक ठिकाणी अमुक नियम. असे तक्ते एकत्र ठेवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला लुई ब्रेलच्याच नावावरून 'लिबलुई' म्हणतात. २००२ मध्ये त्यावर काम सुरू केलं ते जॉन बॉयर यांनी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे, अंध आणि बहिरे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 'एनव्हीडीए' नावाचा, पडदा वाचून दाखवणारा फुकट प्रोग्रॅम काढला, तोही ब्रेलसाठी लिबलुईच वापरतो. त्यात मराठीचा तक्ता आहे, हिंदीचा आहे, कोकणीचाही आहे.

तक्त्याला काय काय करावं लागतं बघा. 'ज्ञान' हा शब्द कॉम्प्युटरच्या पोटात पाच तुकड्यांत असतो: ज, पाय मोडायची खूण, ञ, काना, न. ब्रेलमध्ये तीन खोके. 'पुस्तक' मध्ये पाय मोडायची खूण स च्या नंतर साठवलेली असते, ब्रेलला ती आधी हवी, म्हणजे जागा बदलायची. आपल्या मराठीचे लाड तर वेगळेच. समुद्र तो दर्या, आणि माथेरानच्या असतात त्या दऱ्या. हा दुसरा 'र' हिंदीवाल्यांना लागत नाही, आणि कॉम्प्युटरमध्ये तो दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतो. तक्त्याला दोन्ही माहीत हव्यात, नाहीतर दरीतला माणूस समुद्रात. 'ॲप' मधला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. ज्या तक्त्यात एखादं अक्षर नसतं, तिथे लिबलुई त्या अक्षराचा नंबरच टिंबांत छापून देतं. 'ॲप' वाचणाऱ्या बोटाला तिरकी रेघ, एक्स, ०९७२ आणि मग 'प' लागतो.

आकड्यांची गोष्ट सांगायलाच हवी. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी टिंबं नाहीत. पहिल्या दहा इंग्रजी अक्षरांच्या आधी एक खूण घालतात, ३, ४, ५, ६, की झाले आकडे. आणि ३, ४, ५, ६ म्हणजे मराठीत 'ण'. आपल्याकडे 'ण' ने शब्द सहसा सुरू होत नाही, जैनांचा णमोकार मंत्र सोडला तर, म्हणून निभावतं. पण खूण गळाली तर ५०० चं होतं 'एजज'. गोळीच्या पाकिटावर असं झालं तर?

आता त्या प्रश्नपत्रिकेकडे येते. मी टाइप करणाऱ्या दादांना भेटले, भला माणूस. त्यांनी पेपर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला होता. युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट म्हणजे वरून नऊवारी आणि आतून फ्रॉक. पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविराम साठवलेले असतात, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेला. वेलांटीसुद्धा अक्षराच्या आधी साठवलेली, कारण डोळ्याला ती आधी दिसते. कागदावर छापलं तर कोणाला काही कळत नाही. ब्रेलच्या मशीनला मात्र आकार दिसत नाही, पोटातलं दिसतं. त्याने इमानदारीने डब्ल्यू, कंस, एम छापले. त्या खोलीत खरं वाचणारी एकटी ती मुलगी होती.

दादांनी तोच पेपर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, एक दुपार लागली. ब्रेल काढताना भाषा मराठी निवडली, कारण तिथे इंग्रजी राहिलं असतं तर पुन्हा तोच घोळ. तुमच्या फोनवर तुम्ही मराठी टाइप करता ते युनिकोडच असतं, त्यामुळे गटाची सूचना कोणा दृष्टिहीन सभासदाला पाठवायची तर मजकूर म्हणून पाठवा. कागदाचा फोटो काढून पाठवला तर त्यात अक्षरांचे नंबर नसतात, नुसतं चित्र असतं, आणि चित्राची टिंबं कुठला तक्ता करणार?

पेपर मिळाल्यावर ताईने मला घरी बोलावलं. मुलगी सुट्टीला आली होती. मी सोबत 'स्पर्शज्ञान'चा एक जुना अंक नेला होता, मराठीतलं हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलं. तिने तो मांडीवर घेतला आणि आम्ही चहा पीत असताना वाचत सुटली. मधेच थांबली आणि आईला म्हणाली, "आई, तुझं बोट दे." तिने आईची तर्जनी एका शब्दावर ठेवली. पहिल्या खोक्यात डावीकडे तीन टिंबं, उजवीकडे वर एक. ताई कितीतरी वेळ चाचपत राहिली, मग म्हणाली, "प आहे का गं हा?"